सुमंगलाबायचं वाटाड्याचं कार्ड

गोव्यातल्या कोरगावची सुमंगला परब. वय बावन्न, शाळा चौथीपर्यंत. नवव्या वर्षापासून दुसऱ्याच्या काजूबागेत राबली. सीझनला उजाडता उजाडता डोंगर चढायचा, पडलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, उचलायचा, बी पिळून पिशवीत टाकायची, पुढचं झाड. दोन वर्षांमागे मालकाने डोंगर विकला, कुंपण आलं. बाय घरी बसली. बसली म्हणजे किती? आठ दिवस. नवव्या दिवशी माझ्या दारात.

"साईश, तू लोकांका मोल्याच्या जंगलात नेतंस मां? माका पण ने."

नेतो खरा. आमच्याकडे डोंगर कापतात. न कापलेला डोंगर कसा असतो ते माणसांनी एकदा बघावं म्हणून एका दिवसाची सहल काढतो. तिसऱ्या सहलीपासून लोक मला विचारायचे बंद झाले. झाड कुठलं, विष्ठा कोणाची, सगळं तिला. मला झोंबलं, खोटं कशाला बोलू? पण वनखात्याकडे वाटाड्याच्या कार्डाचा तिचा अर्ज मीच भरला. कार्ड मिळालं तर दर सीझनला हक्काचं काम. नाही तर हरमलला हॉटेलातली भांडी, तेही कोणी कामाला ठेवलं तर.

चाचणी एप्रिलमधल्या एका रविवारी. बारा माणसं डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यापर्यंत न्यायची, खाली आणायची. मागून सुदेश नावाचे वनरक्षक, बेळगावकडचे, हातात वही. वाटेत बोलायचं नाही, असा त्यांचा नेम.

चढताना बाय झकास होती. गव्याचं ताजं शेण दिसलं तशी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. डिचोलीच्या एका मास्तरांनी विचारलं, "गवा अंगावर आला तर?"

"तुमी पुढे रवा. मास्तर बघून तो शाळेतल्या पोरासारखो पळतलो."

सड्यावर उंडे पाव आणि भाजी खाल्ली, कागदसुद्धा तिने वेचून घेतले. मी मनात म्हटलं, कार्ड खिशात.

उतरताना जुनी वस्ती लागते. घरं कधीच गेली, पाच-सहा काजी, काजूची झाडं, तेवढी राहिल्यात. खाली बोंडवांचा सडा. बाय बोलत होती माकडांबद्दल. बोलता बोलता वाकली, बोंडू उचलला, बी पिळली, ओच्यात टाकली. परत वाकली. तिला पत्ता नाही. त्रेचाळीस वर्षं जो हात पडलेली बी ओलांडून गेला नाही, तो आज का जाईल? आणि मी गाढव, तोही कोरगावचाच. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही.

पार्कच्या गेटवर पिशव्या तपासल्या. मास्तरांच्या पिशवीत बिया. पल्लवी म्हणून एक मुलगी होती, तिच्या टोपीत बिया. बाराच्या बारा जणांकडे बिया!

"पार्कातून पानसुद्धा न्यायचं नाही, माहीत नाही?" सुदेश म्हणाले.

"गाईड उचलत होती, म्हणून आम्ही पण," पल्लवी बोलून गेली आणि जीभ चावली.

बायने ओच्याकडे बघितलं.

मी भडकलो. "काजीच्या बियांसाठी नापास करणार? बाहेर लोक डोंगरच्या डोंगर नेतात, तिथे कुठे असते तुमची वही?"

"तू गप रव रे!" बाय माझ्यावरच ओरडली. मग सुदेशना म्हणाली, "माझी चूक. मी उचलल्यो, म्हणान त्यांनी उचलल्यो. परत कधी येऊ?"

"पुढच्या रविवारी. आज नापास." त्यांनी वहीत लिहिलं. "बिया इथे ठेवा, माणूस पाठवून परत टाकतो."

"तुमचो माणूस भाजून खायत." तिने सगळ्यांच्या बिया एका पिशवीत घेतल्या आणि परत चढायला लागली. सुदेश मागोमाग गेले. आम्ही दीड तास गेटवर.

पुढच्या रविवारी माणसं नवी, वाट तीच. काजींपाशी ती थांबली, पाठीमागे दोन्ही हात एकमेकांत घट्ट. एक बाई वाकतच होती.

"वाकू नका गो," सुमंगला म्हणाली. "हय मी नापास झालंय. हे बोंडू माकडांचे, साळिंदराचे. आमचे न्हय."

सुदेश पहिल्यांदाच वाटेत बोलले. "कधीपासून कळलं हे?"

"गेल्या रविवारपासून. हाताक अजून नाय कळलेला. म्हणान धरून ठेवलंय."

त्यांनी तिथेच वही उघडली आणि सही केली.