तू काय बातमी हायस?

आमच्या हमरापूरच्या कारखान्यात प्रणिता आखणी करते, म्हणजे गणपतीचे डोळे रंगवते. हे काम सगळ्यात शेवटी. डोळे उघडेपर्यंत मूर्ती पुरी झाली असं आमच्यात कुणी म्हणत नाही. तिचा हात असा, की शेजारी बसून सोंडा रंगवताना माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तयार मूर्ती गुंडाळायला आम्ही रद्दीचे पेपर वापरतो. त्यातल्याच एका पानावर तिला तो फोटो दिसला. पुरात घर गेलेला म्हातारा, पाठमोरा, समोर पाणीच पाणी. तोंड दिसत नव्हतं, तरी त्याचं काय काय गेलं ते सगळं दिसत होतं. मी म्हटलं, "गुंडाळ गो लवकर, टेम्पो उभा हाय." तिने पान घडी करून पिशवीत ठेवलं. "मला असं काढायला शिकायचंय," एवढंच म्हणाली.

वेडच लागलं! जुना कॅमेरा घेतला आणि सुट्टीच्या दिवशी रोह्याला जाऊ लागली. तिथला सुशील पेपरला फोटो पाठवतो, तो शिकवायचा. "बातमीत कुणाला पोज द्यायला सांगायचं नाय, थांबायचं," हा त्याचा पहिला धडा.

मग काय, मोर्चे, खड्डे, खाडीचा फुटलेला बांध. शेजारच्या पुतळीकाकीचा एकुलता एक आदेश कंपनीत शिफ्टला जाताना मोटारसायकल थांबवायचा. "ताई, माझा पण काढ ना!"

"तू काय बातमी हायस?" ती हसून म्हणायची. आम्हीही हसायचो.

पावसाळ्याच्या तोंडावर शिफ्टवरून येताना आदेश हायवेला ट्रेलरखाली गेला. त्याला दारात आणला तेव्हा पुतळीकाकी ओटीवर मान खाली घालून बसली होती. प्रणिता कॅमेरा घेऊन समोर. सुशीलचा धडा ती विसरली असावी. डोळ्यांशिवाय तिला काही पुरं वाटतच नाही. हळूच म्हणाली, "काकी, जरा वर बघ गो."

काकीने बघितलं.

सुशीलने पाठवलेला तो फोटो पेपरच्या पहिल्या पानावर आला, खाली प्रणिताचं नाव. मालकाने तो कौतुकाने कारखान्याच्या भिंतीला चिकटवला. मला त्या फोटोचा राग यायचा. त्यात दुःख नव्हतंच, कुणी हाक मारली म्हणून वर बघणारी एक बाई होती. प्रणितालाही ते कळलं असणार, कारण ती त्या भिंतीकडे पाठ करून बसायची.

तेरावं झाल्यावर काकी कारखान्यात आली. वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती प्रणिताच्या शेजारी टेकली.

"पोरी, आदेशचा हाय काय गो एखादा तुझ्या कॅमेऱ्यात? होते ते त्याच्या मोबाईलमधी. तो पण चिरडला."

प्रणिताने हात पुसले, कॅमेरा काढला. एकेक फोटो पुढे सरकवत गेली. मोर्चा, खड्डा, बांध. आदेश त्यात नाही, हे आम्हा दोघींना आधीच ठाऊक होतं.

"नाय गो काकी."

"परत बघ. मला घाई नाय."

प्रणिता परत पहिल्यापासून बघू लागली.