पार्बताबाईंनी मोडलेला नेम

आमच्या रामाकोन्यात लेकराला ताप आला आणि अंगावर पुरळ उठलं, की डॉक्टरच्या आधी पार्बताबाईंना निरोप जातो. माता आली, असं गाव म्हणतं. मग दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, आणि माता उतरेपर्यंत लेकराने उंबरा ओलांडायचा नाही. हे सगळे नेम पार्बताबाईंचे. एखाद्या सुनेने चोरून कांदा परतला, तर त्यांना तीन घरं अलीकडून वास यायचा. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा भारी राग यायचा.

हेमराज आणि प्रणालीची चार वर्षांची सुप्रिया तापली, तेव्हा सौंसरच्या डॉक्टरांनी विषाणूचा ताप सांगितला. दोन दिवसांत उतरला नाही तर परत आणा, असंही बजावलं. पण तेवढ्यात पुरळ उठलं. झालं! डहाळा लागला आणि पोर घरात अडकली. आठवडा उलटल्यावर तिच्या बोटांच्या टोकांची सालं निघू लागली, तशी प्रणालीची सासू हरखली. सालं निघाली म्हणजे माता उतरली, असा आमच्याकडचा समज. मातेला निरोप द्यायला तिने पार्बताबाईंना बोलावलं.

त्यांनी सुप्रियाला मांडीवर घेतलं. डोळे लालभडक, ओठ फाटलेले आणि अंग तव्यासारखं.

"माता उतरली त अंग थंड पाहिजे होतं वं," त्या म्हणाल्या. "हे मले समजून नाही राहिलं. हेमराज, गाडी काढ गा. नागपूरले चाल."

सासू रडायला लागली. "माता घरात असतानी पोरीले बाहेर कशी काढता? कोप होईन ना बाई!"

"झाला त माह्या माथ्यावर. पार्बतानं नेली म्हणून सांग मातेले."

जन्मभर कमावलेला मान त्या बाईने पणाला लावला. 'मला समजत नाही' म्हणायला आमच्या गावात कोणाची जीभ रेटते?

नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं. विषाणूचा संसर्ग होता हे खरं, पण त्याच्याशी लढताना शरीर आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटलं होतं. त्या सुजल्या होत्या आणि हृदयाला रक्त पुरवणारी एक नस फुगली होती. विषाणू सापडला की सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात आणि हा आजार मागे राहून जातो. औषध शिरेतून चढवलं, ताप उतरला. नस मात्र जागेवर येईल की नाही, ते कोणी सांगेना.

गावात कुजबुज झाली, पार्बतानंच नेम मोडला म्हणून. त्यांना वाईट म्हणणाऱ्यांशी पहिल्यांदा भांडलो तो मीच. त्या मात्र प्रत्येक तपासणीला सुप्रियासोबत जात राहिल्या.

शेवटी एका तपासणीला डॉक्टर म्हणाले, "नसेची सूज गेली. हृदय चांगलं आहे."

पार्बताबाईंनी तिथेच सुप्रियाला जवळ ओढलं आणि तिच्या छातीला कान लावला.

"मावशी, खरंच काळजी नाही आता," डॉक्टर हसले.

"थांबा ना बाप्पा," त्या रडत म्हणाल्या, "आयकू द्या मले."