गोड लागलेली गोळी

होमिओपॅथीच्या औषधाचा तो स्पिरिटचा गोडसर वास आला की आजही माझं डोकं फिरतं. नवऱ्याची बँकेतली बदली, जयपूरच्या प्रताप नगरमधलं सकाळीच भट्टीसारखं तापणारं घर, आणि मला तिसरा महिना. आधीचं मूल पोटातच गेलं, तेव्हा तपासणीत मला थायरॉइड असल्याचं कळलं होतं. म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गोली एक दिन भी मत छोड़ना, बेटा." माझ्या मदतीला सांगलीहून आलेल्या सासूबाईंचं एकच पालुपद, "या गोळ्यांनीच पहिलं गेलं." तेव्हा मी एकही गोळी घेत नव्हते, हे सांगून माझी जीभ झिजली. एका सकाळी अनशापोटी गोळी जिभेवर ठेवली तर ती गोड लागली. बाटली हुंगली, तर हाच वास! कणीक मळता मळता सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मीच बदलल्यात. होमिओपॅथीच्या आहेत, बाळाला बाधत नाहीत. तुझ्या कधीच फेकून दिल्या." पेपरातून डोकं न काढता नवरा म्हणाला, "अगं, काळजीपोटीच केलं ना तिने!" मी तशीच चपला घालून औषधाच्या दुकानात गेले. पुढे मुलगी सुखरूप झाली, तेव्हा याच बाई गल्लीभर पेढे वाटत सांगत होत्या, "मेरी मीठी गोलियों का असर है जी." आता त्यांनाही थायरॉइडची गोळी चालू आहे. रोज सकाळी ती मीच त्यांच्या हातावर ठेवते, आणि तोंडात टाकण्याआधी त्या दर वेळी ती हुंगून बघतात.