देवदत्तची फुगलेली बंदूक

जर्मनीत झिंडेलफिंगेनला गाड्यांची दारं डिझाइन करणारा आमचा देवदत्त अर्ध्या मिलिमीटरच्या फटीवरून ऑफिस डोक्यावर घेतो. गावातल्या शूट्झेनफेराइनचा, म्हणजे नेमबाजी क्लबचा, तो माझ्यासारखाच जुना सभासद. पण मॅच आली की क्लबवाले ह्याला बाहेर सॉसेज भाजायला बसवायचे. २०१४ साली संघातल्या एकाचा गुडघा बिघडला आणि क्लबप्रमुख गुंटर म्हणाला, "रायफल शनिवारी दाखव. ठीक असली तर रविवारी तू खेळ." देवदत्तला आनंदाने जेवण जाईना.

त्याने रायफलला नवा लाकडी दस्ता मागवला होता. तो नुसता स्क्रूने आवळून भागत नाही. लोखंड आणि लाकूड यांच्यात पातळ ओतली की दगडासारखी घट्ट होणारी इपॉक्सी भरून नेमकी बैठक करावी लागते. ती लोखंडाला चिकटू नये म्हणून मेण लावतात, आणि रायफलच्या भोकांत शिरू नये म्हणून भोकं मातीने बुजवतात. दोन्ही दुकानात मिळतं. पण आमचा इंजिनिअर दुकानात जाईल तर ना! "वड्या थापताना आपण ताटाला तूप लावतोच की," म्हणत त्याने साजूक तूप फासलं, फ्रिजमधली कणीक भोकांत, खाचांत कोंबली, वरून रबरी पट्टी गुंडाळली आणि रायफल तिजोरीत ठेवली.

ती कणीक नव्हती. बायकोने, ऊर्मिलाने, पिझ्झ्यासाठी यीस्ट घालून मळलेलं पीठ होतं. इपॉक्सी घट्ट होताना तापते. पिठाला ऊब मिळाली, ते इमानदारीत फुगलं, त्याने नळी वर ढकलली आणि इपॉक्सी तशीच घट्ट झाली. सकाळी तिजोरी उघडली, तर रायफलची नळी रुसलेल्या जावयासारखी नाक वर करून बसलेली.

"अरे, माझं पीठ कुठे गेलं?" ऊर्मिलाने विचारलं. देवदत्तने तिजोरीकडे बोट दाखवलं.

शनिवारी क्लबात गुंटरने रायफल हातात घेऊन चष्मा वर केला. देवदत्तला खोटं बोलता येत नाही. त्याने तुपापासून यीस्टपर्यंत सगळं सांगितलं.

"आल्झो, असं बघ," गुंटर म्हणाला, "मी तर एकदा मेण लावायलाच विसरलो होतो. दस्ता करवतीने कापावा लागला." मग क्लबातल्या म्हाताऱ्यांनी कोट काढले. कुणी छिन्नी आणली, कुणी मेण, आणि संध्याकाळपर्यंत भांडत भांडत सगळ्यांनी नवी बैठक भरली.

रविवारी देवदत्त खेळला आणि त्याच्या कृपेने आमचा संघ शेवटचा आला. तरी पुढच्या मॅचचा संघ सांगताना गुंटरने पहिलं नाव त्याचंच घेतलं. एकाने कुरकुर केली.

"त्या दस्त्यात आपल्या सगळ्यांची इपॉक्सी आहे," गुंटर ओरडला. "आता ह्याला बाहेर काढणार कसा?"

देवदत्त तिथेच रडला. मीही.