कुणी धुतला?

फोटोंबद्दल लिहिण्याइतकं मला कळत नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

परवा कॉलेजच्या डार्करूममध्ये व्हिनेगरसारखा आंबट वास आला. सर म्हणाले, "आम्ही फोटो इथंच धुवायचो, म्हणजे कागदावर उतरवायचो." मला एकदम तुडीलचं घर आठवलं.

मी लहान असताना तिथं जुने कृष्णधवल फोटो जमवणारे पुण्याचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्याकडे दासगावच्या होड्यांचा फोटो होता, मागे फक्त 'तुडील' लिहिलेला. तोच फोटो आमच्या भिंतीवर होता. मुंबईत स्टुडिओत कामाला असताना आजोबांनी तो स्वतः काढून कागदावर उतरवला होता. आमचा फोटो यांच्याकडे कसा, म्हणून आत्याचे डोळे बारीक झाले.

गृहस्थांनी आमचा फोटो उजेडात तिरपा धरला, मग हुंगलासुद्धा.

"हुंगतो काय गो, सुकट हाय काय?" आत्या आईच्या कानात पुटपुटली.

"हा घरातल्याच कुणी धुतला का?" त्यांनी विचारलं.

गावात आलेल्या पुरात फोटो भिजवल्याचा आळ येतोय, असं आत्याला वाटलं. "आमच्यातल्या कोणी धुतला नाय! पाण्याचा थेंब लागू दिला नाय."

"नक्की?"

"मग काय, खोटं बोलतंय मी?"

ते हिरमुसून गेले. आत्याने लगेच दाराला कडी घातली.

मी हे सांगितल्यावर सरांनी चौकशी केली. काल कळलं, ते गृहस्थ आता नाहीत. त्यांचा संग्रह एका संग्रहालयात आहे आणि होड्यांच्या फोटोखाली छापलंय, 'छायाचित्रकार अज्ञात'.