गडाच्या दारात थांबवलेला खेळ

मुलगा टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगीत राहायला गेला तेव्हा नातवाने त्याचा व्हिडिओ गेम आमच्याकडेच टाकला. टीव्हीला लावायचा, वायरवाल्या रिमोटचा. "जुना झालाय, आबा, राहू दे इथेच," म्हणाला. जुना गेम जुन्या माणसांच्या गळ्यात पडला.

खेळ सोपा दिसतो. एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे पळतो. खड्डे येतात, काटेरी बेडूक येतात, हवेत लटकलेल्या फळ्या येतात. आपण त्याला उडी मारायला लावायची. सगळे जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून. डाव्या अंगठ्याने पळवायचा आणि उजव्याने उडी.

माझा उजवा अंगठा मानपाड्याच्या कारखान्यात प्रेसखाली गेला. शिफ्ट संपत आलेली, एकच जॉब राहिलेला, म्हटलं उरकून टाकू. तेव्हापासून मी एक नियम केला. दमल्या हाताने शेवटचा जॉब करायचा नाही. आहे तसा ठेवायचा, उद्या ताज्या हाताने करायचा. चौथी नापास माणसाचा नियम आहे, पण हाताखालच्या पोरांची बोटं त्याने वाचवली, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

मी रिमोट मांडीवर ठेवून बोटाने खेळायचो. दुसऱ्या लेव्हलच्या पुढे कधी गेलो नाही. आमची ही मात्र दुपारची भांडी झाली की पदर खोचून बसायची आणि बुटक्याला कुठच्या कुठे न्यायची.

"अहो, तुम्ही खड्डा आल्यावर उडी मारता. आधी मारायची असते."

"मला शिकवू नकोस. मी जन्मभर प्रेस चालवलीय."

"म्हणूनच म्हणते, त्या बुटक्यावर दया करा."

तिला तिसरीतून काढलेलं, धाकट्या भावाला सांभाळायला. पुढे शिवणाचा क्लास लावलेला, तो मुलगा झाल्यावर सुटला. "माझं सगळं अर्ध्यावरच," असं ती हसत हसत म्हणायची. नातवाने सांगितलेलं की शेवटी एक गड आहे, त्याचं दार उघडलं की खेळ संपला. त्यालाही ते कधी जमलं नव्हतं. हिने मनात धरलं, हा गड आपण घ्यायचाच.

एका संध्याकाळी मी खालच्या कट्ट्यावरून वर आलो, तर ही आतून ओरडते, "अहो, या लवकर! गड आला!"

खरंच आलेला. काळं दार, दारापुढे वरखाली होणारे भाले, आणि बुटक्याचा शेवटचा जीव. बघून बघून हिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, अंगठा दाबून दाबून लाल झाला होता.

"थांब," मी म्हटलं. "आता नको."

"अहो, एवढंच तर राहिलंय."

"तेवढ्यातच अंगठा जातो. पॉझ कर. उद्या चहा झाला की ताज्या हाताने खेळ."

"आत्ता हात बसलाय हो माझा."

"मी सांगतो ना!"

तिने माझ्याकडे बघितलं आणि पॉझचं बटण दाबलं. टीव्ही बंद केला, गेमचा डबा तसाच चालू ठेवला. त्याचा लाल दिवा जळत राहिला.

सकाळी ती आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून बसली. मी टीव्ही लावला. गड होता तिथेच होता. तिने रिमोट उचलला, बोटं मोडली, आणि वरचा पंखा थांबला. टीव्ही काळा झाला. डब्याचा लाल दिवाही गेला.

शुक्रवार होता. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवतात. त्याच लाइटपायी कारखान्याला जन्मभर शुक्रवारची सुट्टी होती. अख्खी बिल्डिंग सकाळपासून पाणी भरून ठेवत होती, बादल्यांचा आवाज मी कानाने ऐकला, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. रिटायर माणसाला वार राहत नाहीत.

ती एवढंच म्हणाली, "असू द्या. प्यायचं पाणी भरलंय का बघा."

संध्याकाळी लाइट आली, खेळ पहिल्यापासून सुरू झाला. ती पुन्हा बसली, पुष्कळ दिवस बसली, पण गडापर्यंत काही पोचली नाही. मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर अंगठा आखडायला लागला आणि तिने रिमोट गुंडाळून ठेवून दिला.

नियम माझा चुकीचा नव्हता. आजही कुणी विचारलं तर तोच सांगेन. पण तिचा हात मशीनमध्ये नव्हता. गेला असता तर बुटका गेला असता. एवढं मला त्या संध्याकाळी कळायला हवं होतं.

मागच्या रविवारी नातू आला. म्हणाला, "आजी, तुझा तो शेवट मोबाइलवर आहे. कुणीतरी खेळून व्हिडिओ टाकलाय. बघतेस?"

"दुसऱ्याने घेतलेला गड मला कशाला रे?" म्हणाली आणि मेथी निवडायला आत गेली. जाता जाता म्हणाली, "आबांना दाखव."

मी बघितला. दार उघडतं. आत अंगण असतं, विहीर असते. बुटका विहिरीच्या कठड्यावर बसतो, पाणी पितो. मग इंग्रजीत दोन ओळी येतात. नातू वाचायला लागला, तर मी म्हटलं, "नको वाचूस."

जेवताना तिने विचारलं, "बघितलात का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं केलंत," म्हणाली, आणि मी नको नको म्हणत असताना ताटात अर्धी भाकरी टाकली.