पोटातली रिंग आणि पांढरा रस्सा

साडी विकायची तर आधी ती स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवायची, ही आमच्या दुकानाची जुनी रीत. गिऱ्हाईक पांढऱ्या गादीवर ऐसपैस बसलेलं, आणि त्यांच्यासमोर मी उभा: पदर खांद्यावर, निऱ्या दोन बोटांत, मिशी जागच्या जागी. मी एक गिरकी घेतली की सासवा हसायच्या, सुना तोंडाला रुमाल लावायच्या आणि एकीच्या जागी तीन साड्या खपायच्या. नव्वदच्या दशकात माझ्याइतकी साडी कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला शोभत नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

मग मी वाढायला लागलो. पहिल्यांदा निऱ्या गेल्या. पाचवारी माझ्याभोवती फिरून येईपर्यंत निऱ्यांना कापडच उरेना. एकदा कागलकडची एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "पावणं, त्यापेक्षा दोरीवर वाळत टाका की. डिझाइन तरी कळंल." अख्खी गादी हसली. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. हसताहसता जी धाप लागली ती मात्र गिऱ्हाईक उठून गेलं तरी थांबली नाही.

साखर निघाली, रक्तदाब निघाला, गुडघे कुरकुरू लागले. झोपेत माझा श्वास मध्येच अडकायचा आणि बायको मला गदागदा हलवायची. शेवटी दोन हजार साल उलटून गेल्यावर आम्ही पुण्याच्या एका सर्जनकडे गेलो. त्यांनी माझ्या जठराच्या वरच्या टोकाला एक रिंग बसवली आणि तिला जोडलेली एक छोटी डबी पोटाच्या कातडीखाली ठेवली. सुईनं डबीत पाणी भरलं की रिंग आवळायची, काढून घेतलं की सैल व्हायची. गल्लीत मी सांगून टाकलं, पोटाला नळाची चावी बसवून आणलीय.

दोन वर्षं मी असा काही वाळलो की निऱ्या परत आल्या. कोल्हापुरात मात्र बारीक झालेल्या माणसाचं कौतुक होत नाही, त्याला भेटायला येतात. शेजारणी बायकोला जिन्यात गाठून हळूच विचारायच्या, "वैनी, रिपोर्ट काय आला?" दुकानासमोर साड्यांना फॉल लावणारा माझा दोस्त तर माझ्याकडं बघून डोळ्यांत पाणी आणायचा. "शेठ, आरं असं नगं करू रं. तुझं माप घ्यायला आता दोरा बास हुतोय."

आणि मग वजन परत आलं. चोरासारखं नाही, जावयासारखं. हक्कानं आलं आणि मुक्कामालाच राहिलं. नवल म्हणजे माझं खाणं वाढलं नव्हतं. अर्ध्या भाकरीच्या वर घास उतरत नव्हता. घाईनं गिळला तर छातीत अडकायचा आणि डोळ्यांतून पाणी काढायचा. म्हणजे गडबड रिंगेचीच. ती सरकली असेल, फाटली असेल. या निष्कर्षानं मी, खरं सांगायचं तर, जरा खूशच होतो. यंत्र बिघडलं होतं, मी नव्हतो.

पुण्याच्या डॉक्टरांनी पुन्हा एकदा कागदावर पोटाचं चित्र काढलं. म्हणाले, "रिंग काढावी लागेल. मग जठराची छोटी पिशवी करून आतडं तिला थेट जोडायचं. बायपास."

"पयल्यासारखंच सोपं असतंय न्हवं?" बायकोनं विचारलं.

"नाही. पहिल्या वेळी आत सगळं कोरं होतं. आता जखमा भरून एकाला एक चिकटलेलं असणार. ते सोडवताना वेळ लागतो. टाक्यांतून गळती होण्याचा धोका जास्त."

"म्हणजे रफू केलेलं कापड उसवून पुन्हा शिवायचं," मी म्हणालो.

"अगदी तसंच."

मी विनोद केला होता. त्यांनी तो नाकारावा अशी माझी अपेक्षा होती. रफू केलेलं कापड पुन्हा उसवलं की काय होतं, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना समजावत आलोय.

त्याआधी रिंगेचं काय झालंय ते बघू, असं म्हणून त्यांनी मला एक्स-रेच्या खोलीत उभं केलं आणि हातात पेला दिला. आत पांढरंशुभ्र, दाटसर बेरियम. मी एक घोट घेऊन म्हणालो, "रंग बरोबर आहे. मीठ राहिलंय." काचेच्या पलीकडं डॉक्टर आणि बायको पडद्याकडं बघत होते.

नंतर डॉक्टरांनी मलाही ते चित्र दाखवलं. "रिंग जागच्या जागी आहे. सरकलेली नाही, फाटलेली नाही. उत्तम काम करते आहे."

"मग वजन कसं वाढलं?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय. दिवसभरात काय काय खाता?"

मी घडाघडा सांगितलं. अर्धी भाकरी, चमचाभर भाजी, बिनसाखरेचा चहा. सगळं खरं होतं. बायकोचं लक्ष अजून चित्रातच होतं. "डॉक्टर, ते पांढरं किती झरझर खाली गेलं हो."

"पातळ पदार्थ जाणारच. रिंग अडवते ती घट्ट अन्नाला."

"म्हंजे रस्सा बी जातोय?"

"कसला रस्सा?"

त्या पुणेकर माणसाला पांढरा रस्सा म्हणजे काय हे बायकोनं जे समजावून दिलं, ते ऐकून एरवी मला भूक लागली असती. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस. बुधवारी आणि रविवारी, वाटीनं नव्हे, तांब्यानं. आणि रोज संध्याकाळी दोस्ताबरोबर दूधकट्ट्यावर उभं राहून, म्हशीचं डोळ्यांदेखत काढलेलं, फेसाळ धारोष्ण दूध. एक पेला स्वतःचा आणि एक दोस्ताच्या आग्रहाचा. ईदेला त्याच्या घरचा शीरखुर्मा. उन्हाळ्यात उसाचा रस.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही खाण्यात का सांगितलं नाही?"

"डॉक्टर, रस्सा खातात होय? पितात."

मी चेष्टा करत नव्हतो. आमच्याकडं जेवण म्हणजे भाकरी. दूध ही तब्येत, रस्सा हा पाहुणचार. जेवलास का विचारल्यावर कोल्हापुरात कुणी दूध सांगत नाही.

रिंग अजून आवळा, मी सुचवलं. ते म्हणाले, मग पाव भाकरीही उतरणार नाही आणि रस्सा तेवढाच जाईल. बायपासनं अडेल? अडणार नाही. पण असं तुपट, गोड काही भरभर आत गेलं तर घाम फुटेल, छाती धडधडेल, आडवं व्हावं लागेल. "बऱ्याच जणांचं शरीरच मग नको म्हणतं. पुढं सवयीनं काहींचं म्हणायचं बंदही होतं. तुम्ही महिनाभर विचार करा. पण तुमची साखर आणि श्वास बघता, नुसता विचार करत वर्ष घालवू नका."

तो महिना मला अजून आठवतो. मी गादीवर बसायचो, साड्या उलगडायचो, आणि तोंडानं काठ-पदर चालू असताना आत दुसरंच चालायचं. ऑपरेशन केलं आणि टेबलावरून उठलोच नाही तर? नाही केलं आणि एके दिवशी झोपेतला श्वास अडकला तो अडकलाच तर? दोन्हीकडून मरणच दिसत होतं. फक्त एकाला तारीख होती, दुसऱ्याला नव्हती. मी गिऱ्हाइकांना जास्तच हसवायला लागलो. दोस्तानं ते ओळखलं. "शेठ, आज लई बोलतोयस. घाबरलास काय?" मी म्हणालो, व्हय. तो म्हणाला, "मग चल, दूध मारू." त्याच्याकडं दुसरं औषध नव्हतं, आणि माझ्याकडंही. गेलो, पण एकाच पेल्यावर थांबलो, आणि त्याचा मला अभिमान वाटला.

महिना संपता संपता राधानगरीच्या पुढच्या एका गावच्या जत्रेचं आवतण आलं. जुनं गिऱ्हाईक, घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता आमच्याकडं. न जाऊन चालणार नव्हतं. बायकोनं जीपमध्येच बजावलं, "वाटीवर हात ठेवायचा. तोंड उघडायचं न्हाय. तुमी तोंड उघडलं की सौदा हुतोय."

पंगतीत बसलो. यजमान बादली आणि ओगराळं घेऊन आले. मी वाटीवर हात ठेवला.

"पावणं, हात काढा."

"नको, खरंच नको."

"नको कसं? बकरं काय आमी आमच्यासाठनं कापलंय?"

"ऑपरेशन झालंय पोटाचं."

"मग तर प्यालाच पायजे! ताकद कशानं येणार, इंजेक्शनानं?" त्यांनी बायकोकडं बघितलं. "वैनी, काय हे! उपाशी ठेवलाय काय माणसाला?" सगळी पंगत वळली. आणि त्यांनी ओगराळं सरळ माझ्या बोटांवर रिकामं केलं. चटका बसला तसा मी हात काढला. वाटी भरली. यजमान समोर उकिडवे बसले, मी पिईपर्यंत हलायचं नाही अशा बेतानं. मी प्यायलो. त्यांचा चेहरा फुलला. माझाही फुलला असणार. पुढच्या वाट्या मी मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून पुण्याला फोन लावला आणि ऑपरेशनची तारीख मागून घेतली. घरी येऊन बायकोला समजावलं: मला नाही म्हणता येत नाही हे आता सिद्ध झालंय. तेव्हा नाही म्हणणारं पोटच करून घ्यावं. घाम फुटला, आडवा झालो, की कुठला यजमान आग्रह करेल?

ती भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "एक न्हाय म्हणायला लागतंय म्हणून पोट फाडून घेणार?"

मी मुद्दा मांडायला तोंड उघडलं. साखर, श्वास, डॉक्टरांचं म्हणणं, सगळं बरोबर होतं. पण ती विचारत होती ते वेगळंच.

"साखरंसाठी करा," ती म्हणाली, "दमासाठी करा. मी तुमच्या उशाला बसती. पण तुमाला पंगतीत लाज वाटती म्हणून तुमी टेबलावर मेला, तर मी लोकास्नी काय सांगू?" तेव्हा कुठं तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी ती तिच्याकडं बघत नव्हती. मला वाटलं होतं की भीती एकट्या माझीच आहे.

मी फोन करून तारीख पुढं ढकलली. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, तीन महिने देतो. तोवर पातळ काही घ्याल ते मोजून, आणि संध्याकाळी चाला. काटा खाली नाही आला तर पुन्हा पुढं ढकलू देणार नाही. तुमची तब्येत थांबायची नाही.

त्या तीन महिन्यांत मी नाही म्हणायला शिकलो. तेही नाटकात शिकतात तसं, आरशासमोर. "नको." फार मऊ. "नको!" फार भांडखोर. कट्ट्यावर पहिल्या दिवशी नको म्हणालो तर दूधवाल्याला वाटलं मला त्याच्या म्हशीचा संशय आलाय, आणि त्यानं मला पेला नाकासमोर धरून वास घ्यायला लावला. दोस्तानं आठवडाभर अबोला धरला. मग एके दिवशी स्वतःहून आला. "चल शेठ, नुसतं चालू. पर बोलायचं तूच, मला दूध न पिता बोलाय सुचत न्हाय." आम्ही रंकाळ्याला फेऱ्या मारायला लागलो. रोज वाटायचं, काही उपयोग होत नाहीये. रोज वाटायचं, फुकट उशीर करतोय, आणि ह्या उशिरानंच मरणार.

पुण्याला गेलो त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत काट्यासमोर उभा राहिलो आणि पाय उचलेना. चपला काढल्या, घड्याळ काढलं, खिशातली किल्ली काढली. बायको म्हणाली, आता काय मिशी काढताय? मी चढलो आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टर वाकल्याचं जाणवलं. मग बायकोच्या बांगड्या खाली वाजल्या.

"चपला घाला," बायको म्हणाली. "घरला जाऊ."

"सध्या थांबू," डॉक्टर म्हणाले. "सध्या. ऑपरेशनचा विचार मी सोडलेला नाही, तुम्हीही सोडू नका. सहा महिन्यांनी या."

जिन्यात मी तिला विचारलं, किती? तिनं सांगितलं नाही. बसमध्ये विचारलं, सांगितलं नाही. साताऱ्याच्या पुढं मी जरा गयावया केली तेव्हा म्हणाली, "सांगितलं की तुमी कुटंतरी साजरं करणार. आन् साजरं करायचं म्हंजे तुमी काय पिणार ते मला ठाऊक हाय."